एड्स नियंत्रण आणि खासगी उद्योग : फाटकाच्या आतली जबाबदारी

(उद्योजक, पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्या जिल्हा पातळीवरील बैठकीत माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



एच.आय.व्ही. आणि एड्स यांच्या नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यात खासगी उद्योगांना कसे सहभागी करून घ्यावे, या विषयावर बोलण्यास मला सांगण्यात आले आहे. हा विषय निघाला की सभेतील हात बहुधा ठरलेल्या दिशेने जातात. उद्योजकाचा हात धनादेशाच्या पुस्तकाकडे जातो आणि आम्हा प्रसिद्धी करणाऱ्या मंडळींचा हात १ डिसेंबरच्या कापडी फलकाकडे. दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत आणि दोन्ही सोप्या आहेत. मला आज उद्योजकांकडे तिसरीच गोष्ट मागावयाची आहे. तिला पैसा फारसा लागत नाही, शब्द लागतो. रक्ततपासणीत काहीही निष्पन्न होवो, तुझे काम जाणार नाही, हा तो शब्द.

हे मागणे का, ते समजण्यासाठी शासनाचे काम कोठवर आले आहे ते पाहावे लागेल. भारतात या विषाणूचा प्रथम शोध लागला तो १९८६ साली, तेव्हाच्या मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी तो लावला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, हे येथे सांगावयास हरकत नाही. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून विषाणूरोधक औषधे मोफत मिळू लागली; मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. २०१७ पासून तर संसर्ग आढळला की लगेच उपचार, असे धोरण आहे. पूर्वीप्रमाणे प्रतिकारशक्ती खालावण्याची वाट पाहावी लागत नाही. औषध नियमित घेतले तर रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता येणार नाही इतके खाली राहते आणि अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला संसर्ग होत नाही, हे आता शास्त्राने निर्विवाद मानले आहे. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत होते. त्यांपैकी जवळजवळ ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. २०१० च्या मानाने नवीन संसर्ग देशभरात सुमारे ४६ टक्क्यांनी घटले होते.

म्हणजे तपासणी मोफत आहे, औषध मोफत आहे, औषध गुणकारी आहे. मग अडते कोठे? ते बहुतेक वेळा माणसाच्या पावलात अडते. केंद्राच्या पायरीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तो मनात विचारतो की, हे कारखान्यात कळले तर? उपचार सुरू असलेले कित्येक जण जवळचे केंद्र टाळून दुसऱ्या तालुक्याला, प्रसंगी दुसऱ्या जिल्ह्याला जातात. महिन्याच्या गोळ्यांची बाटली खिशात खुळखुळते म्हणून गोळ्या कागदात बांधून नेतात. या खुळखुळण्याची भीती कोणत्याही औषधाने जात नाही. ती घालविण्याची शक्ती आरोग्य खात्यापेक्षा मालकाच्या हाती अधिक आहे.

खासगी उद्योगाने लोकारोग्याच्या कामाला हात लावावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९६८ साली केंद्र सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला, तेव्हा त्याच्या वितरणाचे काम सहा मोठ्या कंपन्यांकडे सोपविण्यात आले. हिंदुस्थान लिव्हर, टाटा ऑइल मिल्स, ब्रुक बाँड, लिप्टन, युनियन कार्बाइड आणि सिगारेटवाली इम्पीरियल टोबॅको. पंधरा पैशांत तीन नग, अशी किंमत ठेवली होती. चहा, साबण, विड्याकाड्या, विजेरीची सेलें ज्या दुकानात पोचत, त्या दुकानात निरोध पोचला. सरकारकडे असे दुकानदारांचे जाळे नव्हते. कंपन्यांकडे ते आयतेच होते. त्यांना समाजसेवेचे धडे कोणी दिले नाहीत. जे त्यांना येत होते तेच त्यांच्याकडून करवून घेतले. शासकीय योजनांत इतकी साधी अक्कल नेहमी दिसत नाही, म्हणून हे उदाहरण मला आवडते.

दुसरे उदाहरण औषधांचे. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेला कळविली. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांना वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक पडत. साऱ्या जगातला हिशेबच त्यामुळे बदलला. आफ्रिकेतील लक्षावधी लोक आज जिवंत आहेत त्यात भारतीय औषध कारखान्यांचा मोठा वाटा आहे, आणि त्याचे श्रेय कंपनीला आहेच. पण तिला हे करता आले ते १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्याने औषधाच्या पदार्थाला पेटंट न देता फक्त तो बनविण्याच्या पद्धतीला दिले, आणि २००५ पर्यंत ती व्यवस्था टिकली. आपल्या कारखानदारांनी निराळ्या पद्धती शोधल्या व औषधे स्वस्त केली. कायद्याने वाट मोकळी करून दिली आणि व्यापारी त्या वाटेने गेला. येथे एक बोच राहते ती सांगितली पाहिजे. मुंबईत बनलेल्या गोळ्यांचा बोलबाला जगभर झाल्यावर देशातील गरीब रुग्णाला सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळण्यास आणखी तीन वर्षे गेली.

तिसरा मार्ग टायर बनविणाऱ्या अपोलो कंपनीचा. २००० साली तिने दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात ट्रकचालकांसाठी आरोग्य केंद्र उघडले. ट्रकचालक काही तिचे नोकर नव्हेत. पण तिचे टायर ज्या गाड्यांना लागतात त्या गाड्या ते हाकतात. महिनामहिना घराबाहेर राहणाऱ्या या माणसांपर्यंत सरकारी दवाखाना सहसा पोचत नाही. त्याच्या वेळा त्यांच्या वेळा नसतात. पुढे ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या प्रतिष्ठानाने महामार्गांलगत ‘खुशी क्लिनिक’ चालविली. त्यांना पैसा आला तो गेट्स प्रतिष्ठानाच्या २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘आवाहन’ प्रकल्पातून. महाराष्ट्रासह सहा राज्यांत आणि महामार्गांवर तो चालला. नंतर त्यातील कामे टप्प्याटप्प्याने शासनाकडे सोपविण्यात आली. देणगीला मुदत असते, रोगाला नसते. म्हणून देणगीच्या प्रकल्पावर सही करतानाच तो पुढे कोण चालविणार, हे कागदावर यावयास हवे.

आता स्वतःच्या कामगारांकडे वळू. आफ्रिकेच्या दक्षिण भागात खाणमालकांनी हा प्रश्न हाती घेतला तो नाइलाजाने. बोट्स्वानातील देब्स्वाना ही हिऱ्यांच्या खाणी चालविणारी कंपनी. तेथील सरकार आणि डी बिअर्स यांची ती निम्म्या-निम्म्या मालकीची. १९९९ साली तिने निनावी पाहणी केली, तेव्हा चार कामगारांमागे एकाहून अधिक जणांना संसर्ग असल्याचे दिसले. २००१ पासून तिने कामगार व त्याच्या जोडीदाराच्या उपचारास साहाय्य सुरू केले. अँग्लो अमेरिकन या बलाढ्य कंपनीने २००२ मध्ये आपल्या आफ्रिकेतील कामगारांना मोफत औषधे देण्याचे जाहीर केले. यामागे दया किती आणि हिशेब किती, याचा खल करण्यात अर्थ नाही. अनुभवी कामगार मरत होते, नवीन माणूस शिकवून तयार करण्यास खर्च येत होता, आणि औषध त्याहून स्वस्त पडत होते.

हे उदाहरण आपल्याकडील भाषणांत पुष्कळदा दिले जाते. कामगार वाचवा, कारखान्याचाच फायदा आहे, असे सांगितले जाते. कसबी कामगाराच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु मला वाटते की, या युक्तिवादावर फार भिस्त ठेवू नये. आपल्या देशात प्रौढांमधील संसर्गाचे प्रमाण हजारी दोनच्या आसपास आहे. शिवाय अकुशल कामगार गेला तर फाटकाशी दुसरा उभा असतो. नफ्यातोट्याच्या वहीत त्याचा जीव कोठेच मांडला जात नाही. जेथे मालकाचा हिशेब कामगाराच्या बाजूने बोलत नाही, तेथे कायद्याला बोलावे लागते.

कायदा बोललाही आहे, आणि त्याची सुरुवात मुंबईत झाली. १९९७ साली उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. हंगामी कामगार म्हणून एका सार्वजनिक उपक्रमात काम करणारा एक इसम. वैद्यकीय तपासणीत एच.आय.व्ही.चा संसर्ग आढळला म्हणून त्याचे नाव कामगारांच्या यादीतून काढण्यात आले. अंगाने तो धडधाकट होता. काम करण्यास जो समर्थ आहे आणि ज्याच्यामुळे सहकाऱ्यांना धोका नाही, त्याला केवळ या संसर्गापायी रोजगार नाकारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. या निकालात अर्जदाराचे नाव ‘एम.एक्स.’ आणि उपक्रमाचे नाव ‘झेड.वाय.’ एवढेच आहे. दाद मागणाऱ्याला आपली ओळख झाकून दाद मागता यावी, हेही त्या न्यायालयाने मान्य केले. कायद्याच्या पुस्तकात नाव नसलेला हा मजूर पुढे किती जणांच्या उपयोगी पडला!

त्यानंतर २००९ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने कामाच्या जागेसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने याच विषयावर शिफारस क्रमांक २०० संमत केली. आणि संसदेने २०१७ साली एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम केला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. उद्योजकांनी तो मुळातून वाचावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. नोकरी देण्याची अट म्हणून ही तपासणी करता येत नाही. माणसाच्या माहितीपूर्वक संमतीवाचून तपासणी करता येत नाही आणि निष्कर्ष दुसऱ्याला सांगताही येत नाही. संसर्ग असलेल्याला कामावरून दूर करावयाचे तर, तो कामास असमर्थ आहे किंवा त्याच्यामुळे कामाच्या जागी इतरांना संसर्गाचा मोठा धोका आहे, असा स्वतंत्र व पात्र वैद्यकीय व्यक्तीचा लेखी अभिप्राय हवा. शिवाय त्याला झेपेल असे काम देण्यात कोणती प्रशासकीय वा आर्थिक अडचण आहे, हे मालकानेही लेखी द्यावयास हवे. जेथे शंभर किंवा अधिक माणसे आहेत तेथे तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. रुग्णालयांसाठी ही संख्या वीस आहे. एक गैरसमज येथेच दूर करतो. शंभराची मर्यादा तक्रार अधिकाऱ्यापुरती आहे. भेदभाव करण्यास जी मनाई आहे तिला कसलीही मर्यादा नाही. पाच माणसांच्या कार्यशाळेलाही ती लागू आहे. आणि आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणून सहकारी साखर कारखान्यांना बाजूस उभे राहता येणार नाही.

नेमका हाच विषय मला थोडा विस्ताराने मांडावयाचा आहे. आपला जिल्हा असा की, येथे साखर कारखाने आहेत आणि ऊसतोडणीसाठी बाहेर जाणारी गावेही आहेत. पगारपत्रकावर ज्याचे नाव आहे त्याचे रक्षण कायदा बऱ्यापैकी करतो. पण ऊसतोड कामगाराचा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे झाले की सर्व जण एकमेकांकडे पाहू लागतात. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. मुकादमाने उचल दिलेली जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मोजणी. हंगाम सुरू झाला की ही जोडपी गाव सोडतात आणि पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत राहतात. या कोयत्यातील एकाला किंवा दोघांना एच.आय.व्ही.साठी रोज एक गोळी घ्यावयाची आहे, असे समजा. औषध देणारे केंद्र आपल्या जिल्ह्याच्या गावी. फड दीडदोनशे किलोमीटरवर. गोळ्या संपल्या की एक दिवस काम सोडून जावे लागणार. काम सोडले की खाडा पडतो. खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात, आणि कशासाठी गेला होतास, हेही मुकादमाला सांगावे लागते. या दोहोंपेक्षा तो गोळ्याच सोडतो. गोळ्या सोडल्या की विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद न देणारा होण्याचा संभव वाढतो, क्षयरोग पाठीमागे उभाच असतो. फडात आलेला खोकला धुरळ्याचा समजून दोन महिने अंगावर काढला जातो.

हे थांबविण्यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. कोणत्या शिवारात कोणती टोळी उतरली आहे, हे कारखान्याच्या शेतकी विभागाला रोजच्या रोज ठाऊक असते. त्याच माहितीवर तर गाळपाचे नियोजन चालते. ती माहिती जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाला, ज्याला आपण सर्व ‘डापकू’ म्हणतो, त्याला मिळाली तर तपासणीचे फिरते पथक टोळीच्या तळावर जाऊ शकते. नुसत्या एच.आय.व्ही.च्या नावाने ते जाऊ नये. रक्तदाब, रक्तक्षय, क्षयरोग, गरोदर स्त्रियांची तपासणी या सर्वांबरोबर ते जावे, म्हणजे रांगेत उभे राहणाऱ्याकडे कोणी बोट दाखविणार नाही. दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा धरला जाणार नाही, हे कारखान्याने मुकादमाच्या करारात लिहून घ्यावे. कारण विचारले जाणार नाही, हेही लिहावे. हंगामभरात अशा सवलतीचा भार किती पडेल, याचा हिशेब कारखान्यांनीच करून पाहावा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने उद्योगांसाठी जी कार्यपद्धती आखली आहे तिचे सूत्रही हेच आहे. निराळा विभाग उघडू नका; सुरक्षेचे, आरोग्याचे, प्रशिक्षणाचे जे काम चालू आहे त्यातच हे काम गुंफा, आणि कंत्राटी व असंघटित कामगाराला त्यात धरा.

उद्योजकांच्या निधीविषयी थोडे बोलतो, कारण त्याची चौकशी मघाशीच झाली. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. मूळ कायद्याच्या सातव्या अनुसूचीत एच.आय.व्ही. व एड्स यांचा नावानिशी उल्लेख होता. २०१४ मध्ये अनुसूची बदलली तेव्हा तो व्यापक आरोग्यसेवेत सामावला गेला. हा निधी गावातील जनजागृतीला, केंद्रापर्यंतच्या प्रवासभाड्याला, रुग्णांच्या पोषण आहाराला अवश्य द्या. पण केवळ आपल्याच कामगारांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या लाभासाठी केलेला खर्च या निधीत मोजता येत नाही, असा नियम आहे. तो योग्य आहे. कामगाराला निर्भयपणे काम करू देणे हे मालकाचे साधे कर्तव्य आहे, त्याची गणना दानात कशी व्हावी?

पंचायत सदस्यांना आणि शिक्षकांना एक विनंती. गावातील एच.आय.व्ही. बाधितांची यादी आम्हाला द्या, तुमच्या मदतीची व्यवस्था आम्ही करू, असे कोणी सद्‌भावनेने म्हणाले तरी ती यादी करू नका आणि मागू नका. कायद्याने ती गुप्त आहे, आणि गावात गुप्त यादी म्हणून काही नसते. तुम्ही करावयाचे ते निराळे. टोळ्या निघण्यापूर्वी सर्वच मजुरांना सांगावे की, रोजची औषधे चालू असतील तर आपल्या केंद्रात जाऊन कोणत्या तालुक्याला निघालो ते कळवा. तेथील केंद्रात नाव वळवून मिळते, आणि प्रकृती स्थिर असेल तर एकाहून अधिक महिन्यांची औषधे एकदम मिळण्याची सोय आहे. १०९७ या क्रमांकावर फुकट दूरध्वनी करून कोणालाही माहिती विचारता येते, नाव सांगावे लागत नाही. शिक्षकांनी हा क्रमांक वर्गातील फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर लिहून ठेवला तरी तो घरोघर पोचेल. मुले पाठ करतात त्या सर्वच गोष्टी परीक्षेच्या असतात असे नाही.

आपल्याकडील टोळ्या बहुतेक दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात. त्यापूर्वी कारखान्यांचे शेतकी अधिकारी, मुकादम, डापकूचे अधिकारी आणि ज्या गावांतून टोळ्या निघतात तेथील सरपंच यांची एक बैठक व्हावयास हवी. कराराचे कागद त्याच सुमारास लिहिले जातात. खाड्याची अट त्यांत घालावयाची तर तेव्हाच घालता येईल. या बैठकीची तारीख अध्यक्ष महाराजांनी आजची सभा संपण्यापूर्वी जाहीर करावी, अशी माझी विनंती आहे.